लाइट आली, नेट नाही आलं



कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्टची वीज घेणाऱ्या आपल्यासारख्यांना "लाइट गेली" हे वाक्य तोंडात बसलेलं नाही. जुलै २०१२ मध्ये दिल्लीसह अर्धा देश अंधारात बुडाला, तेव्हाही आपल्याकडे पंखे फिरत होते. माझं माहेर इचलकरंजीजवळचं. तिथे भारनियमनाच्या वर्षांत लाइट कधी जाणार, कधी येणार, याचं वेळापत्रकच भिंतीवर असायचं. लग्न होऊन माझगावला आले तेव्हा मेणबत्त्यांचा पुडा कुठे ठेवलाय हे मी विचारलं, तर सासूबाई हसल्या होत्या.

म्हणून १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार इथल्या सगळ्यांना आठवतो. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम थांबली. कळवा आणि पडघा यांना जोडणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्यांमध्ये बिघाड झाला. असं काही झालं तर मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर उभं ठेवायची एक सोय आहे, तिला आयलंडिंग म्हणतात. त्या दिवशी तीही टिकली नाही. लोकल जिथल्या तिथे उभ्या राहिल्या, मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. आमच्या बाजूला दुपारी लाइट आली, काही उपनगरांत रात्र झाली.

लाइट आल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. फ्रिज घरघरतो, पंखा फिरतो, देवघरातला दिवा लागतो. त्यांना कोणी सांगावं लागत नाही. पण दारूखान्यातल्या आमच्या लोखंडाच्या दुकानात एक काळं खोकं आहे, सर्व्हर म्हणतात त्याला. त्याच्यावर बिलं, स्टॉक, उधारी, जीएसटीचे आकडे सगळं असतं आणि बाहेरचे पाच कॉम्प्युटर त्याच्याकडून माहिती घेतात. ते खोकं चालू झालं, पंखा फिरला, पुढचा निळा दिवाही लागला. तरी पाचही कॉम्प्युटरवर एकच उत्तर: सर्व्हर सापडत नाही.

आणि बाहेर वापीला जायचा ट्रक भरून उभा. बिलाचा नंबर पडल्याशिवाय ई-वे बिल निघत नाही, ई-वे बिलाशिवाय ट्रकने हद्द ओलांडायची नाही. शिवाय सप्टेंबरचं थ्री-बी रिटर्न २० तारखेला भरायचं, त्याचे आकडे त्याच खोक्यात.

ते मशीन २०१७ च्या सुरुवातीला भाऊजींच्या मुलाने बसवलं होतं. लिनक्सवर चालतं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच मशीन चालवणारी प्रणाली, फक्त ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही आणि आमच्या दुकानात जी आहे, सेंटओएस ७ नावाची, ती फुकट मिळायची. मुलगा हुशार. पण तो आता कॅनडात. आपल्याकडे दुपारचा दीड म्हणजे त्याच्याकडे पहाटेचे चार. भाऊजी म्हणाले, उठवू नका पोराला, रात्रपाळी करून झोपला असेल. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तर त्याच्याकडे त्या दिवशी अर्धी मुंबई फोन करत होती. शेवटी मी पुण्याला सूनबाईंना फोन लावला. त्यांचं कामच हे, शिवाय तेव्हा त्या घरूनच काम करत होत्या. लोकल सर्वसामान्यांसाठी बंदच होती (आपल्याला, म्हणजे बायकांना, ती त्या महिन्याच्या २१ तारखेपासून मिळाली), पण घरापासून दारूखाना टॅक्सीने दहा मिनिटं. मी आणि आमचे हे निघालो.

दुकानात खुर्ची ओढून मी मशीनसमोर बसले. यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत आणि भाऊजींना स्पेलिंग सांगितलं की राग येतो.

सूनबाई म्हणाल्या, "आई, आधी मागे बघा. केबल जिथे खोचली आहे तिथे बारीक दिवे आहेत ना, ते लागलेत का?"

एक हिरवा होता, एक पिवळा लुकलुकत होता. त्या म्हणाल्या, "छान. म्हणजे केबल, स्विच, कार्ड तिन्ही ठीक आहेत." हा स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे हं. सगळ्या केबली ज्या पेटीत येऊन मिळतात त्या पेटीलाही स्विचच म्हणतात. पुष्कळ वेळा लाइट आल्यावर तीच चालू झालेली नसते, कारण तिचा प्लग कोणीतरी मोबाइल चार्ज करायला काढलेला असतो. दिवे लागलेले नसतील तर पुढचं काहीच करू नका, आधी ती पेटी बघा, केबल काढून पुन्हा खोचा, दुसरी केबल लावून बघा. सूनबाईंच्या ऑफिसातही पहिला प्रश्न हाच असतो म्हणे.

मग त्यांनी अक्षरं सांगितली. आय, पी, मोकळी जागा, ए, डी, डी, आर. एंटर. पडद्यावर दोन गठ्ठे आले. पहिल्याचं नाव 'एलओ', त्याच्यापुढे १२७.०.०.१. हा प्रत्येक लिनक्स मशीनचा स्वतःशीच बोलायचा पत्ता. त्यामुळे मशीनला विचारलं "बरी आहेस ना", तर ती "हो" म्हणते, कारण ती स्वतःलाच उत्तर देत असते. दुसऱ्याचं नाव 'ईएनपी२एस०'. त्याच्यापुढे पत्ताच नव्हता. कार्ड होतं, केबल होती, नाव होतं, पण पत्ता नाही. पत्त्याशिवाय बाहेरच्या पाच कॉम्प्युटरनी तिला शोधायचं कुठे?

हे नाव बघून मला हसू आलं, म्हणून त्याचं सांगते. पूर्वी लिनक्समध्ये नेटवर्कच्या कार्डांना 'ईटीएच०', 'ईटीएच१' अशी नावं असत. जे आधी सापडलं ते शून्य, नंतरचं एक. घरात दोनच मुलं असली तर थोरला-धाकटा म्हणून भागतं. पण मशीन प्रत्येक वेळी चालू होताना कोणतं कार्ड आधी सापडेल याचा नेम नसे. काल जो थोरला होता तो आज धाकटा, आणि थोरल्याचा पत्ता धाकट्याला. या घोळाला कंटाळून २०१३ मध्ये लिनक्सच्या सिस्टीमडी नावाच्या भागात नवी रीत आली: नाव क्रमावरून न देता जागेवरून द्यायचं. 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'पी२' म्हणजे आतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मार्गावर, 'एस०' म्हणजे शून्य क्रमांकाच्या खाचेत. आपल्या चाळींत कसं, मधला जिना, दुसरा मजला, खोली सतरा. माणूस बदलला तरी खोलीचा नंबर तोच. मात्र याचीही एक गंमत आहे. मशीनमध्ये नवं एखादं कार्ड घातलं तर आतल्या मार्गांचे नंबर सरकू शकतात, आणि 'पी२' चा 'पी३' होतो. सूचना मात्र 'पी२' च्या नावाने लिहिलेल्या. मग मशीन सुरू होते, नेट नाही. काही सूचनांत कार्डाचा जन्मजात नंबर, मॅक ॲड्रेस, हाही लिहिलेला असतो. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड किंवा कार्ड बदललं तर तो नंबर जुळत नाही आणि मशीन नव्या कार्डाला ओळखच देत नाही. तुमच्याकडे दुरुस्तीनंतर नेट बंद पडलं असेल तर आधी हे दोन बघायला सांगा.

आमच्याकडे यातलं काही झालं नव्हतं. सूनबाईंनी दुसरी ओळ सांगितली, एन-एम-सी-एल-आय आणि पुढे डिव्हाइस. उत्तरात आमच्या कार्डापुढे लिहिलं होतं 'डिस्कनेक्टेड'. मग एक फाइल उघडायला लावली. तिच्यात पंधरा-वीस ओळी. "आई, ऑनबूट कुठे दिसतं का बघा." दिसलं. 'ऑनबूट', बरोबरचं चिन्ह, 'नो'.

बूट म्हणजे मशीनचं सुरुवातीचं उठणं. उठताना हे कार्ड चालू करू का? तर 'नो'. मशीनने सांगितल्याप्रमाणेच केलं होतं. सेंटओएस ७ बसवताना नेटवर्कचं बटण मुद्दाम चालू केलं नाही तर ही ओळ आपोआप 'नो' अशी लिहिली जाते. पुतण्याने तेव्हा मशीन उभं केलं, नेट दिसेना म्हणून हाताने कार्ड चालू केलं, पाचही कॉम्प्युटर जोडले, सगळं चाललं, पेढे वाटले. हाताने चालू केलेलं मशीनच्या चालत्या आठवणीत राहतं. फाइलीत 'नो' तसाच राहिला.

इथे मला माझं बी.कॉम. आठवलं. ३१ मार्चची शिल्लक तुम्ही कितीही बरोबर काढा, ती १ एप्रिलला नव्या वहीच्या पहिल्या पानावर पुढे ओढली नाही तर नव्या वर्षाला ती माहीतच नसते. मशीन बंद झाली की तिचं वर्ष संपतं. उठल्यावर ती फक्त लिहिलेली वही उघडते. काल तोंडी काय ठरलं होतं ते तिला विचारून उपयोग नाही.

आता मला खटकलेली गोष्ट. ही ओळ साडेतीन वर्षं तशीच पडून होती. कोणाला कळलं कसं नाही? तर मशीन त्या साडेतीन वर्षांत एकदाही बंद झाली नव्हती! लाइट इथे जात नाही, पाच-दहा मिनिटं गेलीच तर यूपीएस सांभाळतो. लॉकडाउनमध्ये दुकानाला कुलूप होतं तेव्हाही ती आत एकटी चालत होती. आम्ही कौतुकाने सांगायचो, "एकदाही बंद पडली नाही." त्या सोमवारी लाइट काही तास आली नाही, यूपीएस वीस मिनिटांत संपला, आणि साडेतीन वर्षांनी ती पहिल्यांदा स्वतःहून उठली. हाच सर्व्हर माझ्या भावाच्या कारखान्यात असता तर? त्या भारनियमनाच्या काळात दिवसातून दोनदा लाइट जायची. पहिल्याच संध्याकाळी 'नो' सापडला असता आणि दुसऱ्या दिवशी 'येस' झाला असता. आपल्या न जाणाऱ्या विजेने तो झाकून ठेवला.

सूनबाईंनी ओळ सांगितली, मी टाइप केली, कार्ड चालू झालं, पत्ता आला. बाहेरून मुलगा ओरडला, "आलं, आलं!" बिल निघालं, ई-वे बिल निघालं, अडीचच्या सुमाराला ट्रक हलला.

सूनबाई म्हणाल्या, "आई, आता फाइलीत 'येस' करूया, आणि मग मशीन बंद करून पुन्हा चालू करूया."

यावर दुकानात जो वाद झाला तो तुमच्याही घरात झाला असता. आमचे हे म्हणाले, चालतंय ना? मग हात कशाला लावायचा? भाऊजी म्हणाले, पुन्हा नाही उठली तर? लोखंडाच्या धंद्यात चालू क्रेनला हात लावत नाहीत. मला दोघांची भीती कळत होती. पण ट्रक गेलेला, बाहेर गिऱ्हाईक नाही, सूनबाई फोनवर, मी समोर बसलेली. न उठायचीच असेल तर याहून सोयीची वेळ कोणती? रात्री दोनला, कोणी नसताना? मी म्हटलं, "शिल्लक पुढे ओढली की नाही हे नवी वही उघडल्याशिवाय कसं कळणार?" यांना हिशेबातलं बोललं की पटतं.

'येस' करायला एकच ओळ लागते, त्यात 'ऑटोकनेक्ट' असा शब्द येतो. ती टाकल्यावर फाइल पुन्हा उघडून 'ऑनबूट' पुढे 'येस' आलंय हे डोळ्यांनी बघितलं. मग सूनबाईंनी आणखी दोन प्रश्न मशीनला विचारायला लावले, आणि ते मला फार आवडले. बिलाच्या डेटाबेसबद्दल विचारायचं: 'इज-ॲक्टिव्ह', म्हणजे तू आत्ता चालू आहेस का? आणि वेगळं विचारायचं: 'इज-एनेबल्ड', म्हणजे पुढच्या वेळी उठताना तू आपणहून चालू होशील का? लिनक्समध्ये हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि उत्तरंही वेगळी येऊ शकतात. आमच्या डेटाबेसने दोन्हीला हो म्हटलं. मग रीबूट. पडदा काळा झाला, पांढऱ्या ओळी धावल्या, चार मिनिटं कोणी बोललं नाही. पत्ता आला. पाचही कॉम्प्युटर जोडले गेले. सूर्यास्ताच्या आत घरी पोचून जेवलोही.

रात्री पुतण्याचा फोन आला. त्याला बिचाऱ्याला वाईट वाटलं. मी म्हटलं, अरे तू बसवलंस म्हणून साडेतीन वर्षं धंदा चालला.

सूनबाईंकडून आणखी एक कळलं ते सांगते, कारण मोठ्या लाइटबंदीनंतर हे बऱ्याच ठिकाणी होतं. लाइट आली की राऊटर, स्विच, सर्व्हर सगळे एकदम उठतात. ज्या सर्व्हरला स्वतःचा कायमचा पत्ता लिहून दिलेला नसतो तो उठल्यावर राऊटरकडे पत्ता मागतो. राऊटर अजून डोळे चोळत असतो. सर्व्हर काही वेळ वाट बघतो आणि नाद सोडतो. मिनिटभराने राऊटर तयार होतो तेव्हा मागणारा कोणी नसतो. सगळं शाबूत दिसतं आणि नेट नाही. उपाय सोपा: सर्व्हरला पत्ता कायमचा लिहून द्यायचा, किंवा लाइट आल्यावर आधी राऊटर आणि स्विच लावायचे, पाच मिनिटांनी सर्व्हर. माझं मत विचाराल तर दोन्ही करावं.

तुमच्याकडे उबुंटू नावाचं लिनक्स असेल तर फाइल वेगळी असते. त्याच्या सर्व्हरवर २०१८ पासून नेटप्लॅन नावाच्या फाइली असतात, आणि त्यांत ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा कमीजास्त झाली तरी फाइल वाचली जात नाही. तिथे अंदाजाने काही बदलू नका. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा उपक्रम आहे, प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला. त्यात लिनक्सचे छोटे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत, आणि ते फुकट आहेत. मी दुपारी भाजी निवडताना ऐकले. सगळं कळलं असं नाही, पण सूनबाई काय टाइप करायला सांगतात ते मला आता कळतं.

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? ते वर्ष कसं होतं, आठवतंय ना. चिंचपोकळीची माझी एक मैत्रीण, तिचे यजमान त्या वर्षी गेले. दुकानाचं मशीन त्यांनीच लावलेलं, मुख्य पासवर्ड, ज्याला रूटचा पासवर्ड म्हणतात, तो त्यांनाच ठाऊक. सुतकात घरातल्या घरात बंद असताना मशीन एकदा बंद झाली आणि उठल्यावर नेट नाही. कदाचित तिच्याकडेही एका 'नो' एवढाच प्रश्न असेल. पण आत शिरायलाच वाट नव्हती. तीन आठवडे उधारी किती, देणं किती, तिला काही सांगता येईना, आणि देणेकरी मात्र फोन करत होते. ती एम.कॉम. आहे. तिला हिशेब येत नव्हता असं नाही.

म्हणून आमच्याकडे आता एक वही आहे. मशीनचं नाव, कार्डाचं नाव, कायमचा पत्ता, कोणती केबल स्विचच्या कोणत्या भोकात, मशीन शेवटची कधी बंद करून पुन्हा चालू केली ती तारीख. पासवर्ड वहीत नाही. तो बंद पाकिटात, बँकेच्या लॉकरमध्ये, आणि लॉकर माझ्या आणि यांच्या दोघांच्या नावावर आहे. दर तीन महिन्यांनी एका रविवारी, बॅकअप घेऊन झाला की, मी दुकानात जाते आणि मशीन रीबूट करते. भाऊजी अजून त्या वेळी चहा प्यायला बाहेर जातात.

सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, त्याला नव्या सुधारणा येणं बंद झालं. तेव्हा मशीन बदललं. या वेळी बसवणाऱ्या मुलाला पैसे द्यायच्या आधी मी त्याच्यासमोर ते बंद करून चालू करायला लावलं. तो म्हणाला, "काकू, गरज नाही." मी म्हटलं, "असू दे." उठलं. नव्या मशीनवर कार्डाचं नाव 'ईएनओ१' आलंय. 'ओ' म्हणजे ते बोर्डावरच बसवलेलं आहे. वहीत जुनं नाव खोडून नवं लिहिलं, पुढे तारीख घातली.